त्रेचाळीस कार्डं

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

वाचनालयाच्या फाटकाचा गज धरून मी उभी होते. माझं अर्धं सफरचंद खाऊन झालं होतं आणि त्याचं अर्धं रुमालात गुंडाळलेलं होतं, तेव्हा मला आठवलं की आम्ही सात आठवड्यांपूर्वी वेगळे झालो आहोत.

हे काल झालं. साडेपाचला फोनमधला गजर वाजला. त्यावर त्याने शब्द घालून ठेवलेत: किल्ली, पिशवी, निघ. मी किल्ली घेतली, पिशवी घेतली, निघाले. दोन वर्षं दर गुरुवारी अशीच निघत आलेय. वाचनालय सहाला बंद होतं. ग्रंथपाल सगळ्यात शेवटी बाहेर पडतो, कुलूप एकदा ओढून पाहतो, मग आम्ही चालत घरी जातो. जायचो.

तो बाहेर आला. कुलूप ओढून पाहिलं. मग मला पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. इथूनच चालले होते."

त्याने रुमालाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्याला सगळं लगेच कळतं, त्रास तोच आहे. म्हणाला, "जा घरी." मी गेले. त्याचं अर्धं सफरचंद वाटेत मीच खाल्लं.

तुला हे आधी सांगायला हवं होतं. आईलाही सांगितलेलं नाही. ती विचारेल, "आता काय केलंस?" आणि तिचा प्रश्न बरोबर असेल.

लोक म्हणतात, विसर त्याला. मी विसरते रे. विसरते म्हणूनच ते दर वेळी नव्याने कळतं. सकाळी दोन कप काढते आणि कळतं. एकदाच तुटलेलं माझं आतापर्यंत चार-पाच वेळा तुटून झालंय, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच असतं.

अक्षर असं आलंय कारण हाताला साच्याचं प्लास्टर लागलंय. कवळ्यांच्या लॅबमध्ये बसून लिहितेय. समोर कुणाचे तरी खालचे दात घट्ट होताहेत, त्याला चाळीस मिनिटं लागतात. फोन केला असता, पण तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने घालतोस.

टायमर वाजला. दात निघाले.

भिंगरी


बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा लावून.

ग्रंथपाल मला एकदाच भेटला. आल्या आल्या माझ्या उजव्या बाजूला बसला. माझा उजवा कान चालतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. असा माणूस गेला की जागा मोठी पडते. त्यावर मी काही सांगू शकत नाही.

गुरुवारचं सांगू शकतो. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षी नाव दिलं, एडीएचडी, ते कागदावर लिहून मी भिंतीला लावलं आहे. आमच्या वेळी याला वेंधळेपणा म्हणत आणि औषध कानाखाली मिळे. तुझी आई म्हणते तू माझ्या वळणावर गेलीस. तिला वाटतं हा टोमणा आहे.

रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये मी चौतीस वर्षं काढली. लिव्हर ओढण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने बोलायचं. "सात नंबर, मोकळा." ऐकायला कोणी नसलं तरी बोलायचं. डोक्यातलं डोक्यात राहिलं तर ते नसल्यासारखंच. बोट आणि तोंड लागलं की ते खरं होतं. चौतीस वर्षांत एकही चुकीचा लिव्हर माझ्या हातून ओढला गेला नाही. घरी या महिन्यात तीन वेळा किल्ली आत ठेवून दार ओढलं आहे.

गुरुवारी गजर वाजला की घराच्या दारापाशी थांब. दाराकडे बोट दाखव. जे खरं आहे ते मोठ्याने म्हण. मग ठरव.

कशावरून झालं ते लिहिलं नाहीस.

मामा


शनिवार, १९ ऑक्टोबर

प्रिय मामा,

दहा तारखेला तुझं पत्र नेमकं आलं होतं. गजर वाजला तेव्हा दाराला बोट दाखवून म्हटलं, "गुरुवार. तो वेगळा राहतो. जायचं नाही." आणि गेले नाही. खुर्चीत बसून त्याला सत्तावीस निरोप पाठवले. पहिला होता, "त्रास देत नाही, एकच विचारायचं होतं." सत्ताविसावा होता, "बरं." मधे काय होतं ते सांगत नाही. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. उत्तर आलं नाही की मला जिन्यावरून ढकलल्यासारखं होतं. मग घरी आणलेल्या एका कवळीचा रंग जुळवायचा होता ते काम हातात घेतलं, आणि दोन तास तो मला आठवलाच नाही. मग आठवला.

परवा गजर वाजला तेव्हा मी लॅबमध्ये होते. लॅबच्या दाराचं तू काही सांगितलं नव्हतंस.

फाटकापाशी तो म्हणाला, "तू परत आलीस तर मी दुसऱ्या शाखेत बदली मागेन. रागाने म्हणत नाहीये. तू दिसलीस की तुझ्या पिशवीत किल्ली आहे का ते मी बघायला लागतो. मला ते थांबवता येत नाही." मग म्हणाला, "आहे का किल्ली?"

नव्हती.

माझी जादा किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. तो घरापर्यंत आला. दार उघडलं, बाहेरच थांबला, किल्ली परत स्वतःच्या खिशात टाकली आणि गेला. मामा, तेवढ्यावर मी दोन दिवस आनंदात आहे. हे लिहितानाही लाज वाटते.

त्या शाखेत तो अकरा वर्षं आहे. मुलांचा कोपरा त्याने स्वतः रंगवलाय, सुट्टीच्या दिवशी, गुडघ्यांवर बसून. तो कोपरा माझ्यामुळे सुटायला नको. मला एवढंच करायचंय की गुरुवारी जायचं नाही. आणि गुरुवार येतोच.

गजर बंद कर म्हणशील. बंद केला तर तो माणूसच मला दिसायचा बंद होईल. त्याने घरभर चिठ्ठ्या लावल्यात, पुस्तकांच्या पाठीला असतात तशा, पांढऱ्या. कपाटावर, डब्यांवर, खणांवर. आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं. दाराआड गेलेली वस्तू माझ्या लेखी जगातून जाते, म्हणून. मी एक चिठ्ठी काढून पाहिली. मोजे तीन दिवस सापडले नाहीत.

लॅबमध्ये मी चुकत नाही, हे तुला माहीत आहे. तिथे प्रत्येक साच्याला नाव-नंबर बांधलेला असतो. बांधल्याशिवाय साचा हातात घ्यायचाच नाही.

कारण विचारलंस. विशेष काही नाही. तो दमला.

भिंगरी


बुधवार, २३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

लॅबच्या दाराची चूक माझी. नियम लिहिताना सगळी दारं लिहायला हवी होती.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला दिसली. किल्ली त्याच्या खिशात आहे. म्हणजे तुम्ही वेगळे झालात, पण चार्ज दिला-घेतलेला नाही.

केबिनमध्ये पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. वही असते. जाणारा लिहितो: कुठली लाइन मोकळी, कुठली अडलेली, कुठला लिव्हर जड चालतो, कुठला दिवा गेलाय. खाली "चार्ज दिला", सही, वेळ. येणाऱ्याने ते वाचायचं. एकेका लिव्हरला हात लावायचा. मग "चार्ज घेतला", सही, वेळ. ही दुसरी सही होईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. घरी काहीही झालेलं असो.

त्याने जागा सोडली आहे, पण पाळी संपलेली नाही. म्हणून तो पिशवीत किल्ली शोधतो आणि तू सफरचंद राखतेस.

त्याला लिही. भेटू नकोस. म्हणावं, तुझ्याकडे माझं जे जे आहे ते लिहून दे. वस्तू नव्हे. लक्षात ठेवलेलं.

एकच पत्र लिही. सत्तावीस नव्हेत.

मामा

ता. क. उद्या गुरुवार आहे. आणि आजचं टपाल निघून गेलंय, उद्याच्या आत हे पोचणार नाही, हे आता लक्षात आलं.


सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

चोवीसला गेले नाही. लॅबच्या मालकीणबाईंना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी सव्वापाचला माझ्यासमोर अकरा साचे आणून ठेवले आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "आता ऊठ बघू," म्हणाल्या. गजर वाजला तेव्हा माझे दोन्ही हात मेणात होते.

मग तुझं पत्र आलं. त्याला एकच पत्र लिहिलं. म्हणजे नऊ लिहिली, एक टाकलं. तुझी वहीची आणि दोन सह्यांची रीतही त्यात सांगितली.

एकतीसला पोस्टाने पेटी आली. गुरुवार होता. गजर वाजला तेव्हा मी पेटीवरची दोरी सोडत होते आणि तो वाजून थांबलेला मला कळलंच नाही.

आत कार्डं आहेत, वाचनालयात पुस्तकांची असायची तशी, खालच्या कडेला भोक असलेली. त्रेचाळीस. नंबर घातलेले. आणि माझी किल्ली. काही तुला उतरवून देते.

१. गोळी. सकाळी सात. ती पाणी आणायला जाण्याआधी गोळी हातात द्यायची. पाणी आधी आणलं तर गोळी राहते.

९. मोजे ओले असले तरी सांगत नाही.

१४. रडून झाल्यावर खायला लागतं. विचारायचं नाही. समोर ठेवायचं.

२२. गोष्ट सांगताना मधेच दुसरीकडे गेली तर कुठे सोडली ते लक्षात ठेवायचं. परत येते.

३१. रविवारी आईला फोन. आठवण केली तर चिडते. "आई काय म्हणते?" एवढंच विचारायचं.

३८. उशिरा आली तर पहिलं वाक्य "लागलं का कुठे?" असं असावं.

४३. गुरुवार. साडेपाच. मला घ्यायला येणे.

त्रेचाळिसाव्यावर "बाद" असा शिक्का आहे. पुस्तक फाटलं, जुनं झालं, की वाचनालयातून काढताना मारतात तो. जांभळ्या शाईचा. सरळ मारलाय. घाईने मारला असता तर तिरका आला असता.

शेवटच्या कार्डाच्या मागे: "चार्ज दिला." सही, तारीख, सकाळी ११.१०. त्याखाली एक रेघ मोकळी सोडली आहे.

मामा, त्रेचाळीस. मला वाटायचं तो शांत स्वभावाचा आहे. तो मोजत होता.

आता शिडीचं सांगते. कारण विशेष काही नाही असं लिहिलं होतं, ते तसं नव्हतं. जुलैत त्याला ताप होता. तापाची गोळी आणायला मी निघाले. औषधाचं दुकान कोपऱ्यावर आहे, चार मिनिटांवर. वाटेत कोणीतरी घडीची लाकडी शिडी रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली दिसली. त्याच्या खोलीतल्या वरच्या फळीला त्याचा हात पुरत नाही, कधीपासून म्हणत होता. पण एक पायरी ढिली होती. मी विचारत विचारत सुतार शोधला, तो जेवायला गेला होता, त्याची वाट पाहिली, पायरी बसवून घेतली, शिडी खांद्यावर घेऊन आले. मला इतका आनंद झाला होता. चार तास झाले होते. गोळी आणलीच नव्हती.

तो पलंगावर उठून बसला होता. "लागलं का कुठे?" त्याने विचारलं. मग शिडीकडे पाहून हसला. तीन आठवड्यांनी म्हणाला, "मी दमलो."

त्या दिवशी तो नंबर अडतीस पाळत होता, हे मला आता कळतंय.

शिडी इथेच आहे. तिची घडी पडत नाही आता. स्वयंपाकघरात जाताना अंग चोरून जावं लागतं.

सही केलेली नाही. सही केली तर त्रेचाळीसही माझी, आणि मला एका वेळी तीन झेपतात. आणि दुसरं म्हणजे सही केली की तो सुटला.

एक विचारते. बोट दाखवणं केबिनचं, वही केबिनची, हे मी मानते. पण "वस्तू नव्हे, लक्षात ठेवलेलं" हे केबिनचं वाटत नाही. मामीने तुला असं काही लिहून दिलं होतं का?

भिंगरी


बुधवार, १३ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र नाही. मामीचं विचारलं म्हणून रागावलास का? तू रागावतोस असं कधी पाहिलेलं नाही, पण उत्तर आलं नाही की मला कारणं सुचायला लागतात आणि प्रत्येक कारणात मी असते. आईला विचारलं तू बरा आहेस ना. म्हणाली, "त्याला काय धाड भरलीये." म्हणजे बरा असशील.

मामी घर सोडून गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला ती आठवत नाही. घरात तिचा विषय निघाला की सगळ्यांना कामं आठवतात, एवढं आठवतं.

सात तारखेला फाटकापर्यंत गेले नाही. अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेले. हे "गेले नाही" धरायचं का?

भिंगरी


सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

रागावलो नाही. तुझं पत्र डोळ्यांसमोर राहावं म्हणून घड्याळाच्या मागे खोचलं. मग घड्याळ साफ करायला उतरवलं तेव्हा ते पत्रासकट पेटीत गेलं.

हे खोटं आहे. पत्र टेबलावर होतं. बारा दिवस त्याच्या शेजारी बसून जेवलो.

मामीचं ऑपरेशन झालं होतं. मोठं नव्हतं. तिला हॉस्पिटलातून दुपारी दोनला आणायचं होतं. मी दीडला निघालो. वाटेत बाकावर एक म्हातारा बंद पडलेलं घड्याळ कानाला लावून बसला होता. मी म्हटलं, बघू. आतला एक दाता वाकला होता. सुईने सरळ करता येण्यासारखा होता. सरळ केला. मान वर केली तेव्हा पाच वाजले होते. ते मला त्याच घड्याळात दिसलं.

ती हॉस्पिटलच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पिशवी. काही बोलली नाही. त्याआधी नऊ वर्षं बोलत आली होती.

दीड महिन्याने तिने माझ्या वहीतलं कोरं पान फाडून घेतलं. एकोणीस गोष्टी लिहिल्या. तुमचे कान दर वर्षी तपासायचे. धाकट्या भावाशी भांडण आहे हे विसरून त्याला पत्र टाकायचं नाही. अशा. केबिनवाल्याची बायको होती, रीत तिला ठाऊक होती. "चार्ज दिला", सही, सकाळी ९.४०. पान माझ्यापुढे ठेवलं आणि पेन उघडून हातात दिलं.

मी सही केली नाही. नियमाप्रमाणे दुसरी सही होईपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. मला वाटलं, ती नियम पाळेल.

ती पावणेदहाला गेली.

नंतर मी सात महिने दर शुक्रवारी तिच्या शाळेसमोर उभा राहिलो. ती लहान मुलांना शिकवायची. मुलं मला ओळखायला लागली. मग तिने गाव बदललं. शाळाही सोडली. मुलांनी तिला काय काय दिलं होतं, खडे, चित्रं, ते वर्गातच राहिलं.

पान माझ्याकडे आहे. खालची रेघ एकतीस वर्षं मोकळी आहे. मला ते तुला शिकवायचं नव्हतं. पण कोपरा कोपरा म्हणता फाटक येतं, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून विचारलंस त्याचं उत्तर: कोपऱ्यापर्यंत गेलेलं मी गेले धरतो.

मामा


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. वाचलं आणि तरी गेले. कोपऱ्यापर्यंत. आता जे पाहिलं ते लिहिते, मला विसरायचं नाहीये म्हणून.

तो बाहेर आला. कुलूप ओढून पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याला रस्ता ओलांडायचा नव्हता. मी आलेय का ते तो बघत होता. मी टपालपेटीच्या मागे होते, दिसले नाही. नाही आलीये असं पाहिल्यावर त्याचे खांदे खाली आले. इतके खाली आले की पिशवीचा पट्टा घसरला आणि तो त्याने परत वर घेतला. मग निघाला, सावकाश. पुढे एका खिडकीशी थांबून काहीतरी बघितलं. त्याला घाई नव्हती. माझ्यासोबत त्याला कायम घाई असायची.

ते खांदे आधी कधी वर गेले होते ते मला माहीत नाही. मी पाहिले तेव्हा ते तसेच होते. मला वाटायचं त्याची ठेवणच तशी आहे.

मामा, मी सही करते. तूही कर. एकट्याने माझ्याच्याने होणार नाही, आणि तू एकतीस वर्षं एकट्याने करून पाहिलं आहेस, म्हणजे केलं नाहीस. येत्या गुरुवारी, अठ्ठावीसला, साडेपाचला. माझा गजर वाजेल. तुझ्याकडे घड्याळं पुष्कळ आहेत, त्यातलं चालणारं एक बघून ठेव.

वाद घालू नकोस. घातलास तरी उत्तर वेळेत पोचणार नाही.

भिंगरी


गुरुवार, २८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

साडेपाचला पान पुढ्यात होतं. पेनात शाई नव्हती. शाई आणायला आतल्या खोलीत गेलो. तिथे शाईच्या बाटलीशेजारी एक जुना कुलपाचा खटका सापडला, तो कुठला ते आठवेना. ते आठवेपर्यंत पावणेसात झाले.

पावणेसातला एकोणीस ओळी वाचल्या. प्रत्येकीवर बोट ठेवून, मोठ्याने. मला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे जरा जास्तच मोठ्याने. कान दर वर्षी तपासायचे, हे चौथं आहे. ते मी केलं असतं तर आज फोनवर बोललो असतो.

बऱ्याच गोष्टी आता लागू नाहीत. धाकटा भाऊ गेला. ज्या खोलीची खिडकी लावायची ती खोली नाही. तरी घेतल्या. चार्ज घेताना बंद पडलेली लाइनही घ्यावी लागते.

चार्ज घेतला. सही. ६.५२.

तिला कळवायचं का, असा विचार आला. पत्ता नाही, आणि ती पावणेदहालाच गेली आहे.

तुझं काय झालं ते कळव. घर आज जरा मोठं वाटतं आहे.

मामा


गुरुवार, २८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मालकीणबाईंनी पाचला सोडलं. "जाशील कुठे?" म्हणाल्या. "घरी." "दुसरं घर नाही ना त्या फाटकापाशी?" म्हटलं, नाही.

साडेपाचला गजर वाजला. दाराला बोट दाखवलं. "गुरुवार. तो सुटलाय. मी इथे आहे." दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून येत होत्या.

"कोणाशी बोलतेस गं?"

"दाराशी."

"ऐकतं का?"

"आज ऐकलं."

मग कार्डं काढली. प्रत्येकाला हात लावला आणि वाचलं. बाविसाव्यापाशी, म्हणजे गोष्ट कुठे सोडली ते लक्षात ठेवण्याच्या कार्डापाशी, मी उठून खिडकीशी गेले आणि मग मी कुठे होते ते मला सांगायला कोणी नव्हतं. शोधून काढलं. बाविसावं होतं.

तीन बाजूला काढली: गोळी, मोजे, आईचा फोन. ती भिंतीला लावली. बाकी एकोणचाळीस पेटीत, पेटी टेबलावर, झाकण काढून. ती तीन जमली की पुढची तीन. शिक्क्याचं कार्ड वेगळं ठेवलं.

चार्ज घेतला. सही. ५.५८. दोन मिनिटांनी त्याने कुलूप ओढून पाहिलं असेल. आजही त्याने डावी-उजवीकडे पाहिलं असेल. पुढच्या गुरुवारीही पाहील. मग कधीतरी पाहणार नाही, आणि तो दिवस मला कळणार नाही.

सात वाजेपर्यंत खुर्चीत बसून होते. रडून झालं. चौदावं आठवलं, उठून पाव खाल्ला, उभ्यानेच.

तुझी सही झाली असेल. साडेपाचला झाली नसणार.

शुक्रवार. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून पुढे लिहिते. आज सकाळी शिडी खाली नेली आणि रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. कामाला निघाले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं की गोळी राहिली. परत आले तेव्हा शिडी कोणीतरी नेली होती. वर गेले, गोळी हातात घेतली, मग पाणी आणलं. लॅबमध्ये वीस मिनिटं उशिरा पोचले.

भिंगरी